तंत्रज्ञान कोणाला जमते, हे आपण चेहरा पाहून कसे ठरवतो?

सुरंगी | ७ जून, सकाळी ९:५०

नमस्कार मंडळी,

आमच्या गृहनिर्माण संस्थेचे हिशेब वहीतून संगणकावर घ्यायचे ठरले, तेव्हा कार्यकारिणीने ते काम दुसऱ्या मजल्यावरच्या एका महाविद्यालयीन मुलाच्या गळ्यात घातले. त्याच्या बाजूने मांडला गेलेला मुद्दा एवढाच होता, की 'आजकालच्या मुलांना हे झोपेतही जमते'. तो मुलगा वाणिज्य शाखेचा नाही, नावे आणि जमा यांतला फरक आपल्याला कळत नाही, असे त्याने स्वतःच सांगितले. पण ते विनयाचे बोलणे समजून सोडून देण्यात आले. बँकेत आयुष्य घालवलेल्या एक बाई त्याच सभेत बसल्या होत्या. त्यांना कोणी विचारलेसुद्धा नाही.

हा धागा आमच्या संस्थेचे गाऱ्हाणे मांडण्यासाठी नाही. तरुणांना यंत्रे कळतात आणि म्हाताऱ्यांना कळत नाहीत, पुरुषांना कळतात आणि बायका बिचकतात, शहरातल्याला उपजतच कळतात आणि खेड्यातल्याला शिकवावी लागतात, हे समज आपण इतके गृहीत धरतो की ते तपासावेत असेही कोणाला वाटत नाही. हे समज अनुभवातून येतात की आधी समज असतो आणि मग अनुभव त्यात बसवला जातो? यांतला एखादा समज खरा वाटत असेल, तर तेही मोकळेपणाने लिहावे. 'सगळी माणसे सारखीच' असे म्हणून कृपया चर्चा मिटवू नये.

चष्मिष्ट | ७ जून, सकाळी १०:२०

आमच्या घरी राउटर बंद पडला की मला हाक मारली जाते. मी तो बंद करतो, थोडा वेळ छताकडे पाहतो, पुन्हा चालू करतो आणि गंभीर चेहऱ्याने बाहेर येतो. घरातील माझी सर्व तांत्रिक प्रतिष्ठा या एकाच विद्येवर उभी असल्यामुळे या धाग्याचा दुवा माझ्या पत्नीपर्यंत कोणी पोहोचवू नये, ही नम्र विनंती.

बिनतारी | ७ जून, सकाळी ११:१५

सुरंगी, तुमचा राग समजू शकतो, परंतु समज काही आकाशातून पडत नाहीत. मी सॉफ्टवेअर क्षेत्रात आहे आणि नवीन ॲप लोकांच्या हाती देऊन ते कसे वापरतात हे पाहणे हा माझ्या कामाचाच भाग आहे. विशीतला माणूस ते दाबून, चिवडून, पुढे-मागे करून पाहतो. साठीतला माणूस आधी विचारतो, 'यात काही बिघडणार तर नाही ना?' हा फरक मला नेहमी दिसतो. तो प्रत्येकाला लागू पडत नाही हे मान्यच आहे, पण अनोळखी दहा जणांतून एकाला पटकन निवडायचे झाले तर मी तरुणाला निवडेन, आणि त्यात मी कोणावर अन्याय करतो असे मला वाटत नाही.

स्त्री-पुरुषांच्या बाबतीत आपल्याकडचे चित्र निराळे आहे. त्यावर सवडीने लिहितो.

खतावणी | ७ जून, दुपारी ३:०५

'काही बिघडणार तर नाही ना?' या प्रश्नाचा उगम मला चांगला माहीत आहे, म्हणून लिहिते.

मी सांगली जिल्ह्यात एका बँकेच्या शाखेत कारकून होते. १९८४ मध्ये बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयीचा रंगराजन समितीचा अहवाल आला आणि त्यानंतर शाखाशाखांतून खतावणी-नोंदीची यंत्रे येऊ लागली. त्यांना 'एएलपीएम' म्हणत. कर्मचारी संघटनांचा संगणकीकरणाला विरोध होता, त्यामुळे किती यंत्रे घ्यायची, त्यांवर कोण बसणार, यांवर वाटाघाटी होत. आमच्या शाखेत यंत्र आले तेव्हा टंकलेखनाची परीक्षा दिलेल्या आम्हा दोघी मुलींना त्यावर बसवण्यात आले, कारण हे 'टायपिंगसारखेच काहीतरी' आहे, असे सर्वांचे मत पडले. त्यात काही भवितव्य आहे, असे तेव्हा कोणालाच वाटत नव्हते.

सुरुवातीचे काही महिने दुहेरी काम होते. पेनाने खतावणी लिहायची, तीच नोंद यंत्रावर करायची आणि संध्याकाळी दोन्हींची बाकी जुळवायची. बाकी जुळली नाही तर घरी जाणे नाही. फरकाच्या रकमेला नवाने पूर्ण भाग गेला तर कुठेतरी आकडे उलटे पडले असणार, म्हणजे ६३ च्या जागी ३६. फरक सम असेल तर त्याच्या निम्म्या रकमेची नोंद नावेऐवजी जमेला गेली आहे का ते पाहायचे. या युक्त्या पेनाच्या काळातल्याच होत्या, पण यंत्रालाही तंतोतंत लागू पडल्या, कारण चुकणारी माणसे तीच होती. दिवसअखेरची प्रक्रिया चालू असताना वीज गेली की पुष्कळदा दिवसभराच्या नोंदी पुन्हा कराव्या लागत. केलेले मागे फिरवण्याची कळ तेव्हा नव्हती. बिनतारी, तुमच्या समोर बसलेला साठीतला माणूस अशा यंत्रांवर शिकला आहे, ज्यांवर चुकीची कळ दाबली तर खरोखरच बिघडत असे. तुम्ही त्याला भित्रा समजता. आमच्याकडे त्याला जबाबदार म्हणत.

आता गंमत ऐका. यंत्रावर बसणाऱ्याला विशेष भत्ता मिळणार, असे परिपत्रक फलकावर लागले आणि त्याच दिवसापासून ते काम 'तांत्रिक' झाले. ज्येष्ठतेच्या यादीत आमच्या वर असलेले पुरुष सहकारी एकाएकी यंत्राच्या प्रेमात पडले. त्यांना शिकवायला अर्थातच आम्ही दोघी होतो.

चष्मिष्ट | ७ जून, दुपारी ३:३०

खतावणीताई, भत्त्याने माणसाच्या अंगी तांत्रिक दृष्टी येते, हा सिद्धान्त मी माझ्या वरिष्ठांपुढे मांडणार आहे.

फिलीकर | ७ जून, रात्री ८:४०

खतावणीताईंचा प्रतिसाद वाचताना अंगावर काटा आला, कारण मी ज्या शहरात राहते तिथे हीच गोष्ट चाळीस वर्षे आधी घडली होती. फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 'एनिॲक' हे विद्युत संगणकयंत्र बांधले गेले आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये ते जगाला दाखवण्यात आले. सुमारे अठरा हजार निर्वात नळ्या आणि तीस टनांच्या आसपास वजन. त्याची बांधणी पुरुष अभियंत्यांनी केली, पण त्याच्याकडून तोफगोळ्याच्या मार्गाचे गणित करून घेण्याची आखणी सहा तरुण स्त्रियांनी केली. त्याआधी त्या अशीच गणिते हाताने आणि आकडेमोडीच्या यंत्रांवर सोडवत असत. सुरक्षेच्या परवानग्या मिळेपर्यंत त्यांना यंत्राच्या खोलीत प्रवेशही नव्हता, त्यामुळे केवळ आराखडे वाचून त्या ते यंत्र शिकल्या. प्रात्यक्षिक उत्तम झाले. त्या रात्रीच्या मेजवानीला त्यांना बोलावणे नव्हते.

त्यांच्याकडे हे काम आले याचे कारण थेट खतावणीताईंच्या शाखेतले आहे. यंत्र बांधणे हे कठीण काम आणि त्यावर गणित मांडणे हे कारकुनी काम, अशी तेव्हाची समजूत होती. पुढे कळून आले की कठीण भाग दुसराच आहे, आणि मग त्या कामाचा पगार वाढला, मान वाढला आणि चेहराही बदलला. १९६६ मध्ये दोन मानसशास्त्रज्ञांनी १३७८ प्रोग्रॅमरांची पाहणी करून 'चांगला प्रोग्रॅमर कसा असतो' याचे एक चित्र तयार केले; त्या पाहणीत स्त्रिया होत्या १८६. निष्कर्ष असा निघाला की या लोकांना कोडी सोडवायला आवडते आणि माणसांत फारसा रस नसतो. नोकरभरतीच्या चाचण्यांवर अशा निष्कर्षांचा प्रभाव पडला. एकलकोंडा, विस्कटलेल्या केसांचा, यंत्राशीच बोलणारा मुलगा म्हणजे संगणकतज्ज्ञ, हे चित्र आपल्याला निसर्गनियमासारखे वाटते, पण त्याच्या जन्माची तारीख सांगता येते.

बिनतारी | ७ जून, रात्री ९:५५

फिलीकर, इतिहास रंजक आहे, पण त्यातून आजचा फरक नाहीसा होत नाही. आवड नावाचीही एक गोष्ट असते. माझ्या वर्गातली काही मुले रात्र-रात्र संगणक उघडून बसत. त्यांना कोणी मेजवानीचे आमंत्रण दिले नव्हते किंवा भत्ताही दिला नव्हता.

मघाशी अर्धवट सोडलेला मुद्दा पुरा करतो. अमेरिकेतील चित्र आपल्यावर जसेच्या तसे चिकटवू नये. भारतात माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात काम करणाऱ्यांत एक तृतीयांशाच्या आसपास स्त्रिया आहेत. पुण्यात मुलींसाठी वेगळे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ पासून चालू आहे. माझ्या वर्गात मुली भरपूर होत्या आणि गुणवत्ता यादीत बहुतेक त्याच असत. आपल्याकडचे पालक मुलीने कॉम्प्युटर घेतले तर खूश होतात. सावलीतले, खुर्चीत बसून करायचे, रात्री कारखान्यात थांबावे न लागणारे काम, असा त्यांचा हिशेब असतो. मुलगी मेकॅनिकलला जाते म्हणाली की मग घरात सभा भरते.

फिलीकर | ७ जून, रात्री १०:३०

बिनतारी, तुम्ही नकळत माझ्याच बाजूने साक्ष दिलीत. इथे संगणक हा मुलांचा प्रांत मानतात, पुण्यात तो मुलींना शोभणारा मानतात, आणि मलेशियातील विद्यापीठांत तर संगणकशास्त्राच्या वर्गात मुलींची संख्या जास्त असल्याची उदाहरणे अभ्यासकांनी नोंदवली आहेत. उपजत कल देशाची सीमा ओलांडताच उलटा होत असेल, तर त्याला उपजत कसे म्हणायचे?

आणि रात्र-रात्र संगणक उघडून बसणाऱ्या मुलांविषयी. त्यांच्या घरी संगणक कोणाच्या खोलीत होता, हा प्रश्न इथे प्रत्यक्ष विचारला गेला आहे. अमेरिकेत संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण १९८४ च्या सुमारास ३७ टक्क्यांपर्यंत चढले होते. नंतर ते घसरत घसरत १८ टक्क्यांवर आले. घसरण सुरू झाली तो काळ घरगुती संगणकांचा होता, आणि ते संगणक मुलग्यांसाठीचे खेळणे म्हणून विकले गेले. परिणामी महाविद्यालयाच्या पहिल्या दिवशी काही मुलांना आधीच बरेच काही येत असे आणि मुलींना वाटे की आपल्यात ती बुद्धीच नाही. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने यावर काम केले. प्रवेश देताना आधीच्या प्रोग्रॅमिंगच्या अनुभवाला दिले जाणारे वजन कमी केले आणि अनुभव असलेल्या-नसलेल्यांसाठी सुरुवातीचे वर्ग निराळे ठेवले. तिथे संगणकशास्त्राला प्रवेश घेणाऱ्या मुलींचे प्रमाण १९९५ मध्ये ७ टक्के होते, ते २००० मध्ये ४२ टक्के झाले. पाच वर्षांत कोणाची जनुके बदलत नाहीत.

खडूफळा | ८ जून, सकाळी ६:१५

फिलीकरताईंनी 'संगणक कोणाच्या खोलीत होता' असे विचारले. मी त्यात भर घालतो, की माउस कोणाच्या हातात होता?

मी मराठवाड्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवतो. संगणक कक्षात एका यंत्रापुढे तीन-चार विद्यार्थी बसतात. तुम्ही दारात उभे राहून नुसते पाहा. मधल्या खुर्चीवर मुलगा असतो आणि माउस त्याच्याकडे असतो. दुसरा मुलगा त्याच्या खांद्यावरून बोट दाखवून सूचना करतो. मुलगी कडेला बसून वहीत पायऱ्या लिहून घेते, आणि तोंडी परीक्षेत तिलाच जास्त गुण मिळतात, कारण तिच्या वहीत सगळे असते. प्रत्यक्ष कळफलकावर बसवले की तिचे हात थबकतात, आणि ते पाहून आमचेच सहकारी म्हणतात, 'पाठांतर चांगले आहे, पण यंत्राची भीती आहे.'

शिक्षणाच्या स्थितीविषयीच्या 'असर' या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटाची पाहणी आहे. स्मार्टफोन जवळजवळ सगळ्यांच्याच घरी आहे आणि वापरताही बहुतेकांना येतो. परंतु वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के आहेत आणि मुली १९.८ टक्के. याच पाहणीत गजर लावणे, माहिती शोधणे, नकाशावर रस्ता काढणे अशी कामे प्रत्यक्ष करून घेतली गेली आणि मुलगे पुढे आढळले. आता या निकालावरून 'मुलांना तंत्रज्ञान जमते' असे म्हणणारा माणूस, ज्याच्याकडे सायकल आहे त्याला सायकल येते या शोधाबद्दल पाठ थोपटून घेतो आहे.

निर्गुडी | ८ जून, सकाळी ९:३०

खडूफळा सर, हेच मोठ्या बायकांच्या बाबतीत होताना मी पाहते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार देशात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३.३ टक्के आणि पुरुष ५७.१ टक्के होते. फोन घरात असतो. तो 'ह्यांचा' असतो.

माझे काम अंगणवाड्यांशी संबंधित आहे. २०२१ मध्ये राज्यातील अंगणवाडी सेविकांनी सरकारकडून मिळालेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले होते, ते अनेकांना आठवत असेल. फोनची क्षमता कमी, तो गरम होऊन बंद पडतो, आणि पोषणाच्या नोंदींचे ॲप इंग्रजीत, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. त्या वेळी मी ऐकलेली सर्वांत सामान्य प्रतिक्रिया कोणती असेल? 'या बायकांना ते चालवता येत नाही, म्हणून नाटके करतात.' ज्या बाया बाळाच्या वजन-उंचीच्या आलेखावरची रेषा खाली वळू लागली की आईच्या आधी ओळखतात, त्यांना आलेख दाखवणारे ॲप कळणार नाही, असे आपण सहज म्हणून गेलो. हाच फोन एखाद्या कंपनीतल्या अभियंत्याने टेबलावर आपटला असता, तर त्याला आपण 'गुणवत्तेबाबत आग्रही' म्हटले असते.

कोरडवाहू | ८ जून, दुपारी १:१०

शेतकऱ्यांच्या वतीने हजेरी लावतो. आमच्या जालना जिल्ह्यात शेतीपंपाला थ्री-फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. रात्रीच्या पाळीत विहिरीवर जाणे म्हणजे साप-विंचवाशी गाठ. त्यामुळे मोबाईल स्टार्टर आला तेव्हा आमच्या भागात कोणी प्रशिक्षण शिबिर भरण्याची वाट पाहिली नाही. स्टार्टरच्या पेटीत सिमकार्ड असते. घरून त्या क्रमांकावर फोन लावायचा, ठरलेला आकडा दाबायचा, की मोटर चालू होते. एखादा फेज उडाला किंवा विहिरीचे पाणी खाली गेले, तर मोटर आपोआप बंद होते आणि उलट आपल्याला फोन येतो. माझे वडील सातवी शिकलेले. कोरडी चालून मोटर जळू नये म्हणून ती किती करंटला तुटली पाहिजे, ते त्यांनी स्वतः प्रयोग करून बसवले. पेटी बसवायला शहरातून आलेला तरुण मात्र सर्वांत आधी विचारता झाला, 'काका, घरात कोणी शिकलेले आहे का?'

तरुणांच्या बाजूचेही सांगतो. ऑगस्ट २०२१ मध्ये शेतातल्या पिकाची नोंद मोबाईलवरून करण्याचे ई-पीक पाहणीचे ॲप आले, तेव्हा गावातली पोरे ते झरझर चालवू लागली यात शंका नाही. परंतु आमच्या वस्तीवर सर्वांत बिनचूक नोंद माझी वहिनी करते. पोरे मिश्र पिकाच्या रकान्यात येऊन थांबतात, कारण तुरीच्या किती ओळींना सोयाबीनच्या किती ओळी आहेत, हे त्यांना ठाऊक नसते. वहिनीने ती ओळ स्वतः टोचलेली असते. बिनतारी दहा जणांतून तरुणाला निवडतील. मी आधी काम काय आहे ते विचारीन.

बिनतारी | ८ जून, दुपारी २:२५

कोरडवाहू, हा मुद्दा मला सर्वांत सबळ वाटतो. यंत्र हाताळणे आणि यंत्राने करायचे काम समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण बोलताना त्यांची सरमिसळ करतो. तरीही हाताळण्याचा वेग तरुणांत अधिक असतो, हे माझे म्हणणे शिल्लक राहतेच.

फिलीकर | ८ जून, सायंकाळी ६:००

वेग असतो, पण वेगापलीकडे काय असते, हे पाहण्यासारखे आहे. या पिढीला 'डिजिटल नेटिव्ह', म्हणजे डिजिटल जगातच जन्मलेली, म्हणण्याची पद्धत २००१ मध्ये पडली. २०१८ मध्ये काही देशांतील आठवीच्या विद्यार्थ्यांची संगणक-साक्षरता एका आंतरराष्ट्रीय चाचणीत तपासण्यात आली. ऑनलाइन मिळालेली माहिती पारखून घेण्याच्या सर्वांत वरच्या पातळीवर पोहोचलेले विद्यार्थी दोन टक्के होते.

बिनतारी | ८ जून, सायंकाळी ६:२०

ती चाचणी विवेकाची झाली, तंत्रज्ञानाची नव्हे. विवेकाच्या चाचणीत आमच्या वडीलधाऱ्यांचे कुटुंबगटांवरील संदेश बसवले, तर निकाल काय लागेल?

चष्मिष्ट | ८ जून, सायंकाळी ६:२५

बिनतारी, आपल्या देशाच्या राष्ट्रगीताला जगात सर्वोत्कृष्ट ठरवणारा संदेश मला आजवर तिन्ही पिढ्यांकडून आलेला आहे. त्या बाबतीत आमच्या घरात संपूर्ण समता आहे.

पांढरी_काठी | ८ जून, रात्री ८:१५

या यादीत एक समज राहून गेला आहे, तो मी जोडतो. मी जन्मांध आहे आणि एका कार्यालयात नोकरी करतो. नवीन ओळख झालेला माणूस हमखास विचारतो, 'तुम्हाला मोबाईल कोण लावून देतो?' वास्तविक आमच्यापैकी अनेकांचा दिवसच संगणकावर जातो. पडदा वाचून दाखवणारी आज्ञावली आम्ही ज्या वेगाने ऐकतो, तो डोळस सहकाऱ्यांना निव्वळ गोंगाट वाटतो. 'एनव्हीडीए' ही मोफत आज्ञावली जगभरचे अंध लोक वापरतात. तिचे काम २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका अंध तरुणाने सुरू केले आणि लवकरच त्याचा दुसरा अंध मित्र त्यात सामील झाला. आम्ही तंत्रज्ञान केवळ वापरत नाही, बनवतोही.

अडचण कुठे येते ते सांगतो. एखादे ॲप उघडतो आणि बोट फिरवतो तर ऐकू येते, 'बटण, बटण, बटण'. कोणते बटण कशाचे, हे बनवणाऱ्याने लिहिलेलेच नसते. किंवा चित्रातली वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहा म्हणतात. तिथे मी अडलो की शेजारचा हळहळतो, 'यांना जमत नाही बिचाऱ्यांना.' एकदा बैठकीच्या आधी सर्वांच्या देखत माझ्या टेबलावरचा मॉनिटर बंद पडला. तंत्रसाहाय्य विभागाचा माणूस धावत आला, 'आता तुमचे काम थांबले असेल.' मी तोवर पत्र पूर्ण करून पाठवले होते.

पेन्शनर | ८ जून, रात्री ९:४०

सर्वजण आपापल्या गटाला तंत्रज्ञान कसे उत्तम येते हे सांगत आहेत, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो. मला हे येत नाही आणि शिकायचेही नाही. 'आजी-आजोबा शिकले ऑनलाइन व्यवहार' अशा कौतुकाच्या बातम्यांचा मला कंटाळा आला आहे. मी नोकरीच्या काळात जे शिकायला हवे ते शिकलो. आता बँकेच्या खिडकीशी उभे राहून माणसाशी बोलून पैसे काढावेत, एवढीच माझी इच्छा आहे, आणि ती पुरी होणे हा माझा हक्क आहे असे मी समजतो. खिडक्या कमी करायच्या आणि मग खिडकी मागणाऱ्याला अडाणी ठरवायचे, ही रीत मला मान्य नाही.

दुसरे असे, की हयातीचा दाखला देण्यासाठी अंगठा टेकवतो तर वयोमानाने झिजलेल्या रेषा यंत्राला वाचता येत नाहीत. अलीकडे चेहऱ्यावरून ओळखण्याची सोय झाली आहे म्हणतात. तोवर दर नोव्हेंबरात यंत्राला मी ओळखू येत नव्हतो आणि रांगेतले लोक 'आजोबांना जमत नाहीये' असे म्हणत होते.

खतावणी | ८ जून, रात्री १०:१०

पेन्शनर यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. येणे, न येणे आणि नको असणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मात्र एका बाबतीत सावध करते. मला काही कळत नाही, असे उघडपणे म्हणणारा माणूस फोनवरच्या भामट्यांना फार आवडतो. पोलीस असल्याचे भासवून फोनवरच धमकावण्याच्या, तथाकथित 'डिजिटल अटके'च्या प्रकारात निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक असे लोक फसले आहेत, आणि घरबसल्या कामाच्या आमिषाने तरुण मुले फसत आहेत. भामट्यांनी कोणत्याही वयाला वगळलेले नाही. प्रत्येक वयासाठी त्यांचे संवाद तेवढे वेगळे आहेत.

सुरंगी | ९ जून, सकाळी ८:३०

सर्वांचे आभार. एवढ्या उत्तरांनंतर माझा प्रश्न थोडा बदलला आहे. तंत्रज्ञान कोणाला येते हे चेहऱ्यावरून ठरवायचे नाही, हे पटले. पण प्रत्यक्ष निवड तर करावीच लागते आणि प्रत्येकाची परीक्षा घेत बसता येत नाही. मग कशावरून ठरवायचे?

खतावणी | ९ जून, सकाळी ९:१५

तुमच्यापुरते सांगायचे तर परीक्षा अगदी सोपी आहे. मागच्या महिन्याचा बँकेचा उतारा आणि रोकडवही समोर ठेवा आणि दोन्हींत फरक का आहे, असे विचारा. 'वटायचे राहिलेले धनादेश कोणते?' असे जो उलट विचारील, त्याला संगणक शिकवायला चार दिवस पुरतात. ज्याला केवळ संगणक येतो त्याला जुळवणी शिकवायला जास्त वेळ लागेल, पण तोही शिकेल. त्या मुलाला वगळा असे मी म्हणत नाही. त्या बाईंना शेजारी खुर्ची द्या आणि कळफलक दोघांत फिरू द्या. सुरुवातीच्या बाक्या मात्र ३१ मार्चच्या लेखापरीक्षित ताळेबंदावरूनच घ्या, वहीतल्या बेरजेवर विसंबू नका.

बिनतारी | ९ जून, सकाळी १०:००

'कळफलक फिरू द्या' यावरून आठवले. खडूफळा सर, तुमच्या कक्षातल्या माउसचे पुढे काय केलेत? नुसते निरीक्षण करून तुम्ही थांबला असाल असे वाटत नाही.

खडूफळा | ९ जून, रात्री ९:२०

दोन गोष्टी केल्या. मधल्या खुर्चीवरच्या विद्यार्थ्याने दर दहा मिनिटांनी उठायचे आणि मी टाळी वाजवली की सर्वांनी एक जागा सरकायचे, हा नियम लावला. मुलग्यांनी पहिल्या आठवड्यात टाळी ऐकू न आल्याचा बहाणा केला, म्हणून टाळीच्या जागी शाळेची घंटा आणली. दुसरे म्हणजे शनिवारची एक तासिका फक्त मुलींच्या गटाला दिली, आणि त्या तासाला मी मुद्दाम व्हरांड्यात थांबतो, कारण शिक्षक मागे उभा असला की कोणी काही उगाच दाबून पाहत नाही.

परिणाम असा, की पूर्वी मुलींच्या गटाकडून यंत्र कधी बिघडल्याची नोंद नसे. आता पडद्याची भाषा बदललेली असते, चिन्हे गायब झालेली असतात, एकदा तर सगळा पडदा उलटा झाला होता. मुख्याध्यापकांनी बिघाडाची नोंदवही पाहून खुलासा मागितला आहे. तो उद्या लिहायचा आहे. बिनतारी, पडदा सरळ कसा करायचा तेवढे आधी सांगा, म्हणजे खुलासा त्याच यंत्रावर टंकता येईल.